मुठीतलं नाव

घोटगिरी गावात एकोणीस बंदुका होत्या. सगळ्या ठासणीच्या, सगळ्या परवान्याच्या, आणि प्रत्येक परवान्यावर कारण एकच लिहिलेलं: पीक संरक्षण. रानडुकरांनी नाचणीची वाट लावू नये, माकडांनी नारळ पाडू नयेत, एवढ्याचसाठी दिलेली ही हत्यारं. त्यांतल्या अठरा बंदुका मालकाने हातात घेतल्या की दस्त्यावर हिरवा दिवा लागायचा. गुणाजी गवसाने हातात घेतली की त्याची बंदूक लाल व्हायची.

नुसती लाल होऊन गप्प बसली असती तर त्याने सोसलं असतं. पण या बाईसाहेबांना बोलायची हौस. दिव्याखालच्या बोटभर पडद्यावर अक्षरं उमटायची, 'वासंती गुणाजी गवस', आणि पुढे एक आकडा. गुणाजीच्या बायकोचं नाव. लग्नातल्या उखाण्यानंतर ज्याने चारचौघांत कधी बायकोचं नाव घेतलं नाही, त्याच्या बायकोचं नाव महिन्याच्या तपासणीला शाळेच्या पडवीत हवालदार मोठ्याने वाचायचा आणि वहीत लिहायचा. बाकीचे बंदूकवाले तेवढा वेळ छपराची कौलं बघत बसत.

हे पट्टीचं प्रकरण काय होतं ते आधी सांगितलेलं बरं. सरकारी कागदावर तिचं नाव 'घर्मसंवेदक मूठपट्टी'. एवढं लांबलचक बोलायला गावात कुणाला वेळ नाही. सगळे तिला चुगलखोर म्हणत. दस्ता जिथे मुठीत धरतात तिथे रबरासारखी एक पातळ पट्टी गुंडाळलेली. तळहाताला घाम सगळ्यांनाच येतो, दिसत नसला तरी. तो घाम पट्टी शोषून घ्यायची. आत केसाच्या हजाराव्या हिश्शाइतक्या बारीक तारा सारख्या थरथरत असायच्या. घामातला गांजाचा रेणू अशा तारेवर येऊन बसला की तिचा ठेका मंदावायचा. किती मंदावला त्यावरून रेणूचं वजन कळायचं, आणि असे किती बसले त्यावरून आकडा यायचा. दहापर्यंत माफ. दहाच्या वर गेला की चापामागे पोलादी खिट्टी सरकायची आणि बंदुकीची नुसती काठी व्हायची.

वजन करण्यामागेही कारण होतं. औषधी गांजाचं तेल कार्डावर मिळायचं, आणि एकाच्या कार्डावरचं तेल दुसऱ्याच कुणी विकू नये म्हणून प्रत्येक रुग्णाच्या बाटलीतल्या रेणूंना खूण केलेली असायची. काही रेणूंत साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन बसवायचा, एकाच्या बाटलीत एका प्रमाणात, दुसऱ्याच्या बाटलीत दुसऱ्या. औषधाच्या गुणात फरक नाही, वजनात मात्र किंचित फरक. त्यामुळे पट्टीला गांजा सापडला की तो कोणाच्या बाटलीतला हेही कळे. चोर पकडण्यासाठी केलेली ही सोय गुणाजीच्या नशिबी वेगळ्याच कामाला येणार होती.

कायदा तर असा, की एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. २०३४ साली विधानसभेत औषधी गांजाचं विधेयक आलं तेव्हा अर्ध्या सभागृहाने रुग्णांचे फोटो फडकवले आणि उरलेल्या अर्ध्याने, आता घराघरांत चिलमी पेटणार म्हणून गळा काढला. तीन दिवस कुणी कुणाचं ऐकलं नाही. चौथ्या दिवशी तडजोड निघाली: रुग्णाला तेल मिळेल, पण ज्याच्या अंगात गांजा सापडेल त्याची बंदूक चालणार नाही. नशा आणि शस्त्र एका हातात नको, अशी घोषणा झाली. ऐकायला झकास. दोन्ही बाजूंनी बाकं वाजली.

आता गंमत बघा. पट्टी दारूही ओळखायची, पण दारू रात्रीत अंगातून निघून जाते. गुणाजीचा शेजारी बाबलो धुरी रोज संध्याकाळी काजूची दारू मनसोक्त घ्यायचा, आणि सकाळी दहाच्या तपासणीला त्याची बंदूक पोपटासारखी हिरवीगार. गांजाचा रेणू तसा नाही. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून अंगातल्या चरबीत जाऊन बसतो आणि महिनोन् महिने थोडा थोडा बाहेर येत राहतो. नशा कधीच उतरलेली असते. गुणाजीच्या बाबतीत तर ती चढलीच नव्हती. या माणसाने जन्मात बिडी ओढली नव्हती.

वासंतीच्या छातीतली गाठ डॉक्टरांनी काढली, पण नंतरच्या औषधांनी तिच्या पायांच्या नसा जाळून टाकल्या. तळव्यांखाली कुणीतरी निखारे पसरलेत, असं ती म्हणायची. चादरीचा काठ लागला तरी कळवळायची. नवा कायदा आल्यावर डॉक्टरांनी तिला कार्ड करून दिलं आणि तेल सुरू केलं. कातडीतून आरपार जाणारं तेल. दिवसातून दोनदा घोट्यापासून बोटांपर्यंत वीस मिनिटं चोळायचं. पंधरा दिवसांत वासंती आपल्या पायांनी परसात गेली आणि ओंजळभर अबोली तोडून आली. त्या दिवशी गुणाजी गोठ्यामागे जाऊन रडला होता.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी बाटलीबरोबर हातमोज्यांचा खोका दिला होता. तेल चोळणाऱ्याच्याही कातडीतून आत जातं, तेव्हा मोजे घातल्याशिवाय हात लावू नका, असं दोनदा बजावलं होतं. गुणाजी सांगितलेलं ऐकणारा माणूस. पहिल्या संध्याकाळी मोजे चढवून तो तिच्या पायाशी बसला. त्याचा हात लागला मात्र, वासंतीने पाय आखडून घेतला.

"ह्यो रबराचो हात माका नको," ती म्हणाली. "तुमचो खय गेलो?"

गुणाजीने मोजे काढून ठेवले. चूक कुठे झाली असं कुणाला विचारायचं असेल तर इथे झाली. पण त्याला ती तेव्हाही चूक वाटली नाही आणि पुढेही वाटली नाही. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. तो टाचेच्या भेगांवरून अंगठा फिरवायचा आणि ती बोलायची. माहेरच्या विहिरीबद्दल, मेलेल्या थोरल्या जावेबद्दल, लग्नात त्याने उलटी घातलेली टोपी कुणाच्याच कशी लक्षात आली नाही याबद्दल. तेहेतीस वर्षं संसार झाला होता, पण शेत, गुरं आणि पाहुणे यांतून एवढं सलग बोलायला दोघांना कधी मिळालंच नव्हतं. दुखण्याने ते दिलं.

दुसऱ्या वर्षी पावसाच्या तोंडावर गावातल्या सगळ्या बंदुकांना पट्ट्या बसल्या आणि गुणाजीची बंदूक लाल झाली. डुकरांचं त्याला फार वाटलं नाही. डबे वाजवून, आरोळ्या ठोकून ती हाकलता येतात. त्याला घोर लागला तो दसऱ्याचा.

घोटगिरीचा दसरा म्हणजे सातेरीदेवीच्या देवळापुढचा चौक. लुगडी नेसवलेले उंच खांब, त्यांना तरंग म्हणतात, देवाचं रूप म्हणून मानकऱ्यांच्या खांद्यावर उभे राहतात. सीमा ओलांडायला ते निघणार, पण त्याआधी बंदुकीचा एक बार व्हायला लागतो. बार झाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. तो बार काढायचा मान गवसांचा. गुणाजीच्या खापरपणजोबापासून चालत आलेला. गावाची रीत अशी, की एखाद्या घराला तीन दसरे लागोपाठ मान पाळता आला नाही तर तो पुढच्या घराकडे जातो आणि परत येत नाही. पुढचं घर धुऱ्यांचं.

पहिल्या दसऱ्याला गुणाजी बंदूक घेऊन चौकात उभा राहिला. दिवा लाल झाला. पुजाऱ्यांनी वाट बघितली, मग नुसता ढोल वाजला आणि तरंग मुकाट्याने निघाले. गुणाजी मान खाली घालून घरी आला. वासंतीने खिडकीतून कान लावून ठेवला होता. बार ऐकू आला नाही तेव्हाच ती काय ते समजली.

दुसऱ्या दिवशी मोज्यांचा खोका तिनेच शोधून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने आठ दिवस मोजे घातले. पण पाय त्याच्या हातात पाहुण्यासारखा पडून राहायचा. गोष्टी बंद झाल्या. नवव्या दिवशी गुणाजीने तो खोका फणसाखाली खड्डा करून पुरला आणि उघड्या हाताने तेल घेतलं. वासंतीने त्याच्याकडे बघितलं, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने माहेरच्या विहिरीची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली.

दुसरा दसराही तसाच गेला.

पुढच्या फाल्गुनात गाठ परत आली, या वेळी फुप्फुसात, आणि कुणाचं काही चाललं नाही. शेवटच्या आठवड्यात वासंतीला धड श्वास पुरत नव्हता. तरी एका दुपारी पाय चोळून झाल्यावर तिने त्याचं मनगट धरून ठेवलं.

"तिसरो दसरो चुकवू नकात," ती थांबत थांबत म्हणाली. "बार तुमीच काढूक होयो. माझ्या तेलापायी गवसांचो मान गेलो असा कोणी म्हणूक नको."

त्याने कबूल केलं. चार दिवसांनी ती गेली.

बाराव्या-तेराव्याची गर्दी ओसरली, नातेवाईक आपापल्या वाटेला लागले. आरोग्य केंद्राने कार्ड आणि उरलेली बाटली नियमाप्रमाणे परत नेली. लुगड्यांचा वास महिन्याभरात उडाला. भिंतीवरच्या फोटोत ती लग्नाला आलेल्या कुणा पाहुणीसारखी दिसायची, टाचणी लावून उभी केलेली. गुणाजीला वासंती हवी होती, फोटो नको होता. तो तिन्हीसांजेला सवयीने वाटीत हात घालायला जायचा आणि वाटी नसायची.

अशात एका सकाळी बंदुकीला गंज चढू नये म्हणून तो ती पुसायला बसला. दस्ता मुठीत आला, लाल दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. वासंती गुणाजी गवस. एकशे चाळीस.

तो तसाच बसून राहिला. चूल विझली, म्हैस हंबरून हंबरून गप्प झाली. दोन वर्षं ज्या नावाने त्याला पडवीत मान वर करू दिली नव्हती ते नाव तो डोळे भरून बघत होता. ती अंगात होती. फोटोत नव्हती, लुगड्यात नव्हती, पण त्याच्या चरबीत, त्याच्या तळहाताच्या घामात तिच्या बाटलीतलं तेल अजून होतं, आणि ते तेल तिच्या तळव्यांना लागून मगच त्याच्या हातात शिरलं होतं. त्या दिवसापासून गुणाजीचा नेम झाला. सकाळी तोंड धुतलं की बंदूक खुंटीवरून काढायची, मुठीत धरायची, नाव बघायचं, मग चहा.

वैशाखात त्याच्या ओसरीवर राजकारण आलं. आमदार वारल्यामुळे पोटनिवडणूक लागणार होती. एका पक्षाचे लोक म्हणाले, पीक संरक्षणाच्या बंदुकांवरची गांजाची अट काढून टाकू, दारुड्याला बंदूक आणि बायकोची सेवा करणाऱ्याला बंदी हा कुठला न्याय. तुमची सही आणि फोटो द्या. बोलणं चुकीचं नव्हतं. तीन दिवसांनी दुसऱ्या पक्षाचे आले. ते म्हणाले, गांजाने सज्जन माणसाचं काय झालं ते राज्याला दाखवू. तुमची सही आणि फोटो द्या. गुणाजीने दोघांनाही सरबत दिलं. पहिल्यांना त्याने एकच विचारलं, अट गेली तर पट्टी नाव दाखवणार का. नाही, पट्टीच काढून टाकू, असं ते मोठ्या अभिमानाने म्हणाले. तेव्हा मग सही नको, असं म्हणून गुणाजी आत गेला. गवसाच्या डोक्यावर परिणाम झाला, ही बातमी संध्याकाळपर्यंत तिठ्यावर पोचली.

निवडणूक म्हटली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, ही जुनी रीत. बंदुकीच्या हक्कावर भाषणं चालू होती तेवढे चाळीस दिवस सगळ्या बंदुका ठाण्यातल्या खोलीत चिठ्ठ्या लावून पडल्या होत्या. बाकीच्यांना काही फरक पडला नाही. गुणाजीला अन्न गोड लागेना. दुसऱ्या सोमवारी तो एसटीने ठाण्यात गेला आणि हवालदाराला म्हणाला, मला माझी बंदूक फक्त हातात धरायची आहे, नेणार नाही. हवालदाराने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्याला पडवीतलं ते नाव आठवलं असावं, कारण त्याने कपाटाची चावी घेतली. त्यानंतरचे तिन्ही सोमवार गुणाजी गेला आणि हवालदाराने एकदाही कारण विचारलं नाही. निवडून आलेला माणूस मुंबईला गेला आणि अटीबद्दल पुन्हा अवाक्षर बोलला नाही.

पावसाळ्यात तपासण्या झाल्या नाहीत; बंदुका परत मिळाल्यावर पहिली झाली ती गणपतीनंतर. पट्ट्यांची देखभाल करणारी तंत्रज्ञ पोरगी, रेश्मा तुळसकर, वेंगुर्ल्याची. गुणाजीचा आकडा एक्केचाळीस आला. ती खूश झाली. तिने त्याला बाजूला घेऊन समजावलं की आकडा आपणहून दहाच्या खाली यायला डिसेंबर उजाडेल, पण दसऱ्याच्या आत आणायचा असला तर उपाय आहे. तेल बसलंय चरबीत. चरबी जाळली की ते बाहेर पडणार. उपास करायचा, चढ चढायचा, घाम काढायचा. फक्त एक लक्षात ठेवायचं, आकडा आधी वाढेल. चरबीत दडलेलं सगळं एकदम रक्तात येतं, अंगभर फिरतं आणि मग जातं. घाबरायचं नाही.

गुणाजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गेलं की परत येत नाही ना. रेश्माला वाटलं, त्याला धीर हवा आहे. नाही हो काका, एकदा गेलं की कायमचं गेलं, असं ती हसून म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस गुणाजीने उलटंच केलं. तो ओसरीवरून हलेना. भातावर तूप घेऊ लागला, दुपारी झोपू लागला. म्हैस आटलेली, तर चालायचं टाळायला दूधही त्याने बाबलोकडून घरपोच मागवलं. रोज सकाळी आकडा बघायचा: चाळीस, चाळीस, एकोणचाळीस. कंजूष माणूस पिठाचा डबा हलवून बघतो तसा तो स्वतःला जपत होता. आणि रोज रात्री जेवताना त्याला तिची बोटं मनगटावर जाणवायची. कबूल केलंत ना, असं ती विचारत नव्हती, पण बोटं तिथे असायची.

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी बाबलो आला. अजून घेतलेली नव्हती, त्यामुळे तो अवघडून बसला. मानकरी त्याच्याकडे गेले होते. तुझी बंदूक साफ करून ठेव, असं सांगून आले होते. हे सांगताना त्याने एकदाही गुणाजीकडे बघितलं नाही.

"तू जितो असताना मी तो बार काढूचंय नाय," बाबलो म्हणाला. "पण मगे बार कोण काढतलो ता तू सांग. वैनीक काय वाटात?"

तो गेल्यावर गुणाजी अंधार पडेपर्यंत तिथेच बसला. अंगात ठेवून घ्यावी तर तिला दिलेला शब्द मोडतो. शब्द पाळावा तर तिला स्वतःच्या हाताने अंगातून घालवून द्यायचं. दोन्हीकडे वासंतीच, आणि दोन्हीकडे ती जाणार. फार वेळ त्याने कौल लावल्यासारखा उंबऱ्याकडे बघून विचार केला. शेवटी त्याच्या लक्षात आलं की तेल काय, त्याने कधी मागितलंच नव्हतं. तिने मात्र जाताना एकच गोष्ट मागून घेतली होती, हा बार.

दुसऱ्या दिवसापासून त्याने नवरात्राचा कडक उपास धरला. पाणी आणि दोन केळी. पहाट फुटली की गावामागच्या डोंगराचा चढ चढून वरच्या सड्यावर जायचं, त्या उघड्या कातळावरून चक्कर मारायची आणि उतरायचं. बासष्टाव्या वर्षी हे सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी धाप लागून तो तीनदा बसला.

आकडा वाढला. दुसऱ्या सकाळी अठ्ठावन्न, तिसऱ्या सकाळी त्र्याहत्तर. बाबलो हबकला, गुणाजी मात्र लहान पोरासारखा हरखला. चौथ्या दिवशी सड्यावर पोचला तेव्हा ऊन नुकतं पडलं होतं, कातळावर सोनकीची पिवळी फुलं पसरली होती, आणि त्याचे पाय एकदम हलके झाले. तळहातांत ऊब आली. उजव्या अंगठ्याखाली त्याला टाचेची भेग लागली, डाव्या पायाची, बाहेरच्या बाजूची, जी कशानेच कधी भरून आली नव्हती. तो तिथेच फुलांत बसला आणि तिच्याशी बोलत राहिला. पाऊस बरा झाला, म्हैस गाभण आहे, तुझी अबोली जगवली आहे. विहिरीची गोष्ट तू पुरी केली नाहीस, असंही म्हणाला. रेश्माने सांगितलं होतं तसंच होत होतं. जाताना ती अंगभर फिरून घेत होती. हे गुणाजीला कळत होतं आणि तरी त्याला उठवत नव्हतं.

पाचव्या दिवसापासून आकडा उतरू लागला. एकोणपन्नास. तीस. एकोणीस. नाव तेच, पण त्याला वाटायचं अक्षरं फिकट झाली आहेत. तसं काही नव्हतं, पडद्यावरची अक्षरं फिकट होत नाहीत. नवव्या दिवशी, खंडेनवमीला, त्याने बंदूक पाटावर ठेवून पूजा केली, झेंडू वाहिला. त्या सकाळी आकडा तेरा होता. दसऱ्याला सकाळी त्याने बंदुकीला हात लावला नाही. दार लोटून सड्यावर गेला, भर दुपारी उतरला, आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला आणि बंदूक पंच्यात गुंडाळून देवळाकडे निघाला.

चार वाजता चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. तरंग उभे होते, ढोल थांबला होता. बाबलो आपली बंदूक घेऊन एका कडेला उभा होता, चेहरा असा की फाशी त्यालाच व्हायची आहे. रेश्मा पायरीवर होती. सणाच्या दिवशी मानाच्या बंदुकीची तपासणी तिच्याकडे आली होती. गुणाजीने पंचा काढला, दारू ठासली, आणि उजव्या हाताने दस्ता मुठीत धरला.

पट्टीला क्षणभर वेळ लागायचाच. तेवढ्या वेळात गुणाजी काय मागत होता ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दिवा हिरवा झाला. चौकातून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. गुणाजी तसाच उभा राहिला, पडद्याकडे बघत, कारण दोन वर्षांची सवय होती की आधी दिवा आणि मग नाव. पडदा कोरा राहिला.

"हिरवी झाली रे," बाबलो हळूच म्हणाला. "काढ."

गुणाजीने नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. बार डोंगरावर आदळून परत आला. वडावरचे पक्षी उडाले, ढोल सुरू झाला, तरंग हलले आणि सगळा गाव त्यांच्यामागे सीमेकडे धावला. दोन दसरे सुने गेल्यावर बार झाला होता; म्हातारी माणसं डोळे पुसत होती. ज्या खिडकीतून हा बार ऐकायला हवा होता ती खिडकी बंद होती, आणि गुणाजीला एवढंच वाटत राहिलं की तो तिच्या कानावर गेला असता तर बरं झालं असतं.

चौक रिकामा झाला तेव्हा तो पायरीवर बसला होता. तळहात धोतराला पुसायचा, परत दस्ता धरायचा. हिरवा. कोरा. परत पुसायचा. रेश्मा थोडा वेळ लांबून बघत राहिली. आपण गणपतीनंतर हसून काय सांगितलं होतं, ते तिला आता उमगलं. ती येऊन त्याच्या शेजारी बसली.

"काका, दहाच्या खाली गेला की पट्टी गप रवता," ती म्हणाली. "आत काय नाय असा नाय."

तिच्या पिशवीत तपासणीचं यंत्र होतं. ते पट्टीतला कच्चा आकडा वाचायचं, दहाच्या खालचाही. तिने ते दस्त्याला टेकवलं, गुणाजीच्या मुठीजवळ, आणि वाट बघितली.

"सात," ती म्हणाली. "वासंतीकाकींचे सात."

गुणाजीने सात हा आकडा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. सीमेकडून ढोलाचा आवाज येत होता. रेश्माने त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, त्याने ते शर्टाच्या खिशात घातलं.

"शून्य झाला काय माका सांगू नको," तो म्हणाला.

"सांगूचंय नाय," रेश्मा म्हणाली.

पुढच्या महिन्यात शाळेच्या पडवीत तपासणी झाली. एकोणीसच्या एकोणीस बंदुका हिरव्या आल्या आणि हवालदाराला वाचायला काही उरलं नाही. गुणाजीची पाळी आली तेव्हा रेश्माने यंत्र टेकवलं, आकडा बघितला, वहीत लिहिला आणि वही पालथी ठेवली. त्याने विचारलं नाही. बंदूक त्याने दोन्ही हातांनी धरली होती, गरज होती त्याहून बरीच जास्त वेळ. मागे बाबलो छपराची कौलं बघत उभा होता. मग गुणाजीने बंदूक खांद्याला लावली आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.